दोन वर्षांच्या मिशनवर गेलेल्या पोराचा रोजचा दिवस नेमका कसा असतो?

कोरा_कागद

एका दीर्घांकाचं लेखन चालू आहे. पात्रं दोनच: विशीच्या आतबाहेरचे दोन मिशनरी, भाड्याची खोली, परका देश. चर्च म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', ज्यांना आपल्याकडे सरसकट मॉर्मन म्हणतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, सायकली, इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. मला त्यापुढचं हवंय.

सकाळी किती वाजता उठतात, जेवण कोण करतं, जोडीदार कोण ठरवतं, तो पटला नाही तर काय, पैसे कुठून येतात, घरी फोन कधी. आणि मुख्य म्हणजे श्रद्धा. व्याख्यानातली नको. बेसिनमध्ये भांडी पडली आहेत, बाहेर पाऊस आहे, सकाळपासून एकाही घराने दार उघडलेलं नाही, अशा दिवशी त्या मुलाची श्रद्धा कुठल्या कृतीत दिसते? जाणकारांनी सढळ हाताने लिहावं. चर्च बरोबर की चूक हा वाद इथे नको, ही विनंती.

---

सायकलवाला

आधी एक गोष्ट पक्की करा: नाटक कुठल्या साली घडतं? या मिशनचे नियम गेल्या काही वर्षांत इतके बदललेत की साल चुकलं तर जाणकार प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत उठून जाईल. मोटामोटी टप्पे असे:

ऑक्टोबर २०१२मध्ये मिशनला जायचं किमान वय मुलांसाठी १९वरून १८ आणि मुलींसाठी २१वरून १९ झालं. म्हणजे त्याआधीचा मुलगा कॉलेजचं एखादं वर्ष करून आलेला असायचा, नंतरचा थेट शाळेतून उठून येतो. स्वतःचा शर्ट कधी इस्त्री न केलेला. मुलं २४ महिने जातात, मुली १८ महिने.

२०१७च्या सुरुवातीला दिनक्रम थोडा सैल केला. फेब्रुवारी २०१९पासून दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायची मुभा मिळाली. त्याआधी आठवड्याला एक ई-मेल आणि वर्षातून दोनच फोन: नाताळ आणि मदर्स डे. नाटककारासाठी हा सगळ्यात मोठा फरक आहे. २०२०च्या महामारीत परदेशात असलेल्या अनेकांना मायदेशी परत पाठवलं, आणि त्यानंतर काम बरंचसं मोबाइलवर सरकलं.

आता घड्याळ. २०१७च्या आधीचं वेळापत्रक जगभर जवळपास एकच होतं:

साडेसहाला उठणं, गुडघे टेकून प्रार्थना, अर्धा तास व्यायाम. सातला आंघोळ, नाश्ता, कपडे. आठ ते नऊ स्वतंत्र धर्मग्रंथवाचन. नऊ ते दहा जोडीदाराबरोबर अभ्यास, त्यात आज कोणाला काय शिकवायचं याची तालीम. भाषा नवी असेल तर तिचा अर्धा ते एक तास वेगळा. मग बाहेर. दुपारी एक तास जेवण, संध्याकाळी एक तास जेवण. रात्री नऊला खोलीवर (कुणाकडे शिकवणं चालू असेल तर साडेनऊ), मग उद्याचं नियोजन, रोजनिशी, साडेदहाला दिवे बंद. २०१७नंतर ते नियोजन रात्रीऐवजी सकाळी आलं. म्हणजे तुमचा प्रसंग रात्रीच्या टेबलावर डायरी उघडून बसलेल्या दोघांचा असेल तर साल आधीचं धरा.

नियोजन कसं करतात हेही सांगतो, कारण रंगमंचावर ते छान दिसेल. प्रत्येक तासाच्या रकान्यात एक भेट लिहायची आणि तिच्या खाली पर्यायी बेत. 'चार वाजता अमुक कुटुंब; घरी नसतील तर त्याच गल्लीतले तमुक; तेही नसतील तर ती अख्खी गल्ली'. पर्याय त्याच भागातला हवा, नाहीतर दिवसाचे दोन तास नुसते सायकलवर जातात. नव्यांची चूक ठरलेली: सलग चार भेटी गावाच्या चार टोकांना लावतात आणि एक चुकली की बाकीच्या तिन्ही घसरतात.

---

शमा_के

जोडीदाराविषयी लिहिते, कारण तुमचं नाटक तिथेच आहे.

जोडीदार निवडता येत नाही. मिशनचा (म्हणजे त्या प्रदेशातल्या सगळ्या मिशनरींचा) अध्यक्ष ठरवतो. हा अध्यक्ष पगारी पाद्री नसतो. आपल्या नोकरीधंद्यातून बाजूला होऊन तीन वर्षांसाठी पत्नीसह आलेला गृहस्थ असतो. त्याच्या हाताखाली शंभर-दीडशे तरुण असू शकतात. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. सगळ्यांच्याच होतात असं नाही, पण दर सहा आठवड्यांनी पोटात गोळा मात्र प्रत्येकाच्या येतो. निरोप दोन-तीन दिवस आधी मिळतो. दोन बॅगा भरायच्या, ओळखीच्या घरांचा निरोप घ्यायचा, दुसऱ्या गावी नव्या माणसाबरोबर त्याच रात्री एका खोलीत झोपायचं. खाटा वेगळ्या, खोली एकच, हा नियम आहे.

जोडीदार सदैव नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. सूट फक्त न्हाणीघर, अध्यक्षांशी होणारी एकांतातली मुलाखत, आणि दुसऱ्या जोडीबरोबर दिवसभराची अदलाबदल, तेव्हाही कुणीतरी जोडीदार असतोच. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या: दोन वर्षांत या मुलाला एकटं चालायला मिळत नाही. रडायचं असेल तर नळ सोडून रडावं लागतं. भांडण झालं तर दार आपटून निघून जाता येत नाही, कारण दाराबाहेर एकटं जायचंच नाही. तुमच्या दोन पात्रांसाठी याहून चांगला तिढा कुठला मिळणार?

भांडणं कशावरून? धर्मावरून जवळजवळ कधीच नाहीत. खरकटी भांडी, गजराची बटणं परत परत दाबणं, खाताना होणारा आवाज, एकाला लवकर निघायचंय आणि दुसरा केस विंचरतोय, एक फार हळू सायकल चालवतो. आणि मोठं कारण म्हणजे नियमांबद्दलची कडकपणाची पातळी. एक म्हणतो साडेसहा म्हणजे साडेसहा. दुसरा म्हणतो काल रात्री ताप होता, सात चालेल. कडक मुलगा सैल मुलाच्या आळसाला आपल्या कामाच्या अपयशाचं कारण मानायला लागतो, आणि मग खोलीतली हवा बिघडते.

यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी समोरासमोर बसून हिशेब मोकळा करायचा: तुझं काय चांगलं चाललंय, आपल्यात काय खटकतंय, पुढच्या आठवड्यात मी काय बदलू. सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने. चांगलं चाललं तर पंधरा-वीस मिनिटांत निपटतं. फसतं ते दोन तऱ्हेने. एक तर दोघंही 'सगळं ठीक आहे' म्हणून उरकतात. नाहीतर एकजण आठवडाभर मनात यादी करत राहतो आणि सगळी एकदम ओततो. जाणते सांगतात की बारीकसारीक खटकलेलं त्याच दिवशी बोलावं, आठवड्याच्या बैठकीसाठी राखून ठेवू नये.

नवीन आलेल्याला पहिले बारा आठवडे प्रशिक्षक म्हणून एक जुना जोडीदार देतात. जुना म्हणजे कधीकधी जेमतेम वीस वर्षांचा! त्या काळात दोघांच्या अभ्यासाला रोज एक जादा तास असतो.

---

कोरा_कागद

शमाताई, सायकलवाला, दोघांनाही दंडवत. 'नळ सोडून रडावं लागतं' हे वाक्य ढापणार आहे, आधीच सांगून ठेवतो. साल २०१८ धरतो, म्हणजे फोन नाही आणि एकटेपण पुरेपूर. आता पैसा, भाषा, आणि ज्याला मी श्रद्धा म्हणतोय ते.

---

सायकलवाला

२०१८ चांगलं साल आहे, पण आणखी एक खाचखळगा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव टाकून पूर्ण नाव वापरा असं सांगितलं आणि ऑक्टोबरच्या परिषदेत ते ठासून मांडलं. त्यामुळे मार्च २०१८मधला तुमचा मुलगा दारात स्वतःहून 'आम्ही मॉर्मन' म्हणू शकतो. डिसेंबरमधला अडखळेल आणि लांबलचक नाव घेईल.

पैसा: पगार शून्य. उलट मुलगा, त्याचं कुटुंब किंवा गावची मंडळी दरमहा ठरावीक रक्कम चर्चच्या निधीत भरतात. ही रक्कम मुलगा कुठे गेला यावर ठरत नाही. महागड्या देशात गेलेला आणि स्वस्त देशात गेलेला, एकाच देशातून निघाले असतील तर सारखंच भरतात. खोलीचं भाडं मिशनचं कार्यालय परस्पर देतं. मुलाच्या कार्डावर महिन्याचा शिधा-प्रवास-धुलाई असा खर्च जमा होतो. पहिल्या आठवड्यात खाऊवर उडवला की चौथ्या आठवड्यात नुसते नूडल्स, हे चित्र सर्वत्र सारखं. त्यात स्थानिक सभासद जेवायला बोलावतात, तो मोठा आधार. घरच्यांच्या पैशातून वरखर्च करायला पूर्ण बंदी नसते, पण चैन करू नये हा संकेत आहे.

आठवड्यात एक तयारीचा दिवस, बहुधा सोमवार. त्याला ते पी-डे म्हणतात. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं, घरी ई-मेल, थोडा खेळ. सहानंतर परत टाय. या दिवसाची गंमत अशी की तो सुट्टीचा दिवस वाटतो आणि अर्धा दिवस कपडे सुकण्याची वाट बघण्यात जातो. पोहायला बंदी आहे. ई-मेलसाठी २०१८मध्ये काही मिशनमध्ये स्मार्टफोन होते, काहींत अजून सार्वजनिक वाचनालय किंवा चर्चमधला संगणक. दुसरा पर्याय नाटकाला बरा, कारण मागे रांग उभी असते.

---

अनुस्वार

भाषेबद्दल.

निघण्यापूर्वी प्रशिक्षण केंद्र असतं. सगळ्यात मोठं अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी. शिवाय मनिला, अक्रा, साओ पाउलो, मेक्सिको सिटी वगैरे ठिकाणी आहेत. भाषा शिकायची नसेल तर साधारण तीन आठवडे, असेल तर भाषेच्या अवघडपणानुसार सहा ते नऊ. एवढ्या वेळात भाषा येत नाही हे उघड आहे. तिथे ती शिकवण्याची रीत मात्र हुशारीची आहे. पहिल्याच दिवसापासून शिक्षक शिकायच्या भाषेतच बोलतात आणि पहिल्याच आठवड्यात मुलांना 'विद्यार्थ्या'समोर बसवून मोडकातोडका धडा द्यायला लावतात.

सगळ्यात आधी पाठ होते ती प्रार्थना. कारण तिचा सांगाडा ठरलेला: स्वर्गातल्या पित्याला हाक, आभार, मागणं, येशूच्या नावाने शेवट. चार खिळे ठोकले की मध्ये शब्द टांगत जायचे. दुसऱ्या आठवड्यात प्रार्थना बऱ्यापैकी जमते, आणि म्हणूनच पुढे घात होतो. मुलगा उतरतो तेव्हा त्याला पश्चात्ताप, बाप्तिस्मा, साक्ष, पुनरुत्थान हे शब्द येतात. बादली, गळका नळ, सुट्टे पैसे, 'पुढच्या स्टॉपला उतरायचंय' हे येत नाही. घरमालकिणीला गळका नळ सांगताना त्याचं जे होतं ते तुम्ही रंगवू शकता.

दुसरी अडचण जोडीदाराची. जोडीदार अस्खलित असेल तर नवा मुलगा तीन-तीन महिने मुका राहतो. दारात प्रश्न येतो, उत्तर तिसऱ्याच तोंडातून. यावर चालणारा उपाय असा की धड्यातले ठरावीक तुकडे नव्याकडे कायमचे द्यायचे: ओळख करून देणं, एक वचन वाचणं, शेवटची साक्ष (म्हणजे आपली श्रद्धा आपल्या शब्दांत सांगणं). बाकी जुना सांभाळतो. हळूहळू तुकडे वाढवायचे. आणि वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवणं, खिशात छोटी वही, दिवसाकाठी दहा नवे शब्द आणि ते त्याच दिवशी खऱ्या माणसासमोर वापरणं. ऐकलेला शब्द संध्याकाळपर्यंत तोंडून गेला नाही तर तो गेलाच.

धडा साधारण अर्धा-पाऊण तासाचा. दोघांनी आलटूनपालटून बोलायचं, एकाने दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. एकोणीस वर्षांच्या मुलाला शांतता सहन होत नाही. तो प्रश्न विचारतो आणि चार सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तालमीत नेमकं हेच घोटून घेतात. नट मंडळींना ही शांतता नक्की द्या.

---

खडूस_काका

हे सगळं वेळापत्रक, सायकली, नळ ठीक आहे हो. पण शेवटी धर्मांतराचाच कारखाना ना? आकडे किती झाले यावर वरचे साहेब खूश. त्यावरही लिहा की.

---

शमा_के

काका, धागाकर्त्याने वाद नको म्हटलंय, पण तुमच्या प्रश्नातला आकड्यांचा भाग नाटकाच्या कामाचा आहे, म्हणून उत्तर देते.

आकडे आहेतच. दर आठवड्याला जोडी वर कळवते: नव्याने किती जणांना शिकवलं, किती जण रविवारी सभेला आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी ठरवली. चार-सहा जोड्यांचा एक डिस्ट्रिक्ट, काही डिस्ट्रिक्टचा झोन, त्यांचे नेतेही तरुण मिशनरीच. आठवड्यातून एकदा डिस्ट्रिक्टची बैठक. त्या बैठकीत ज्या जोडीच्या रकान्यात शून्य आहे तिचे चेहरे पाहा.

बाप्तिस्म्याआधी मुलाखत असते आणि ती शिकवणाऱ्याने घ्यायची नाही. डिस्ट्रिक्टचा नेता घेतो. अल्पवयीन असेल तर आईवडिलांची परवानगी, विवाहित असेल तर नवऱ्याची किंवा बायकोची संमती लागते. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडलेलं हवं, उत्पन्नाचा दशांश देण्याची तयारी हवी. कागदावर हे चोख आहे. बिघडतं तेव्हा घाईने बिघडतं: आकड्याच्या दबावाखाली कालपरवा भेटलेल्या माणसाला पाण्यात उतरवायचं आणि तो पुढच्या महिन्यात सभेला फिरकत नाही. शहाणे अध्यक्ष म्हणूनच बाप्तिस्म्याच्या आकड्यापेक्षा सभेला सातत्याने येणाऱ्यांकडे बघतात. सगळेच अध्यक्ष शहाणे असतात असा माझा दावा नाही.

पण त्या मुलाच्या बाजूने बघितलं तर आकड्याचा खरा त्रास वेगळाच आहे. त्याला शिकवलेलं असतं की आज्ञापालन केलं की आशीर्वाद मिळतो. हे उलटं करून वाचायला वेळ लागत नाही: आशीर्वाद मिळाला नाही, म्हणजे माझं आज्ञापालन कुठेतरी चुकलं. मग तो सहा तीसऐवजी सहा एकतीसला उठलो होतो का, हे आठवत बसतो. काही मुलांत हे वाढत जाऊन आजाराचं रूप घेतं. तीच किरकोळ चूक अध्यक्षांना पुन्हा पुन्हा कबूल करायची, माफी मिळाली तरी दोन दिवसांनी परत शंका, एकच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पाचदा. हा मंत्रचळाचा धार्मिक अवतार आहे. इथे प्रेमळ अध्यक्ष दर वेळी धीर देत राहिला तर चक्र आणखी पक्कं होतं. अशा वेळी समुपदेशकाकडे पाठवणंच बरोबर, आणि मिशनला तशी सोय असते. तब्येतीच्या तक्रारींचा पहिला फोन बहुधा अध्यक्षांच्या पत्नीकडे जातो.

---

अनुस्वार

शमा_के यांच्या मुद्द्याला जोडून, श्रद्धेचा प्रश्न.

रोजच्या दिवसात श्रद्धा गुडघ्यात दिसते, अगदी शब्दशः. उठल्यावर एकट्याने, अभ्यासाआधी दोघांनी, खोलीतून निघताना दोघांनी, जेवणाआधी, कुणाच्या घरी धडा सुरू होताना आणि संपताना, रात्री दोघांनी, झोपताना पुन्हा एकट्याने. दिवसाला दहाच्या खाली क्वचितच. आता इतक्या वेळा केलेली कुठलीही गोष्ट यांत्रिक होणारच. संध्याकाळची प्रार्थना सकाळच्या शब्दांत म्हटली जाते, दमलेला मुलगा खाटेला टेकून गुडघ्यांवरच झोपतो. हे विनोदासाठी वापरलं तर सवंग होईल. तो तिथेच झोपलेला असताना जोडीदार हलकेच दिवा बंद करतो, एवढं पुरे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास: सलग दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. त्याच दिवशी सभेत ठरलेलं प्रवचन नसतं, ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. दर रविवारी प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षरसाऐवजी इवल्याशा कपात पाणी.

शंका कशी येते? बहुतेकांना ती ग्रंथातल्या एखाद्या ओळीवरून येत नाही. या चर्चची शिकवण अशी की मनापासून विचारलंस तर पवित्र आत्मा आतून उत्तर देईल, आणि ते उत्तर शांतता, ऊब अशा भावनेतून कळेल. मुलगा हेच रोज दारोदार सांगतो: 'प्रार्थना करून बघा, तुम्हाला जाणवेल.' आणि एखादा महिना असा येतो की त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. झोप अपुरी, पोट बिघडलेलं, मन खचलेलं, अशा अवस्थेत कुठलीच भावना धड उमटत नाही, हे साधं कारण असू शकतं. पण तो त्याचा अर्थ 'देव माझ्यापासून दूर गेला' असा लावतो. म्हणून अनुभवी नेते आधी झोप, जेवण, व्यायाम विचारतात आणि मग आत्म्याची चौकशी करतात. क्रम उलटा झाला की मुलगा आणखी आत जातो.

आणि पावसाच्या दिवशी कोणीही दार उघडलं नाही, तर? चर्चचं उत्तर तुम्हाला कदाचित नाट्यमय वाटणार नाही: सेवा शोधा. कुणाचं सामान वाहून द्या, अंगण साफ करा, भाषा शिकवा. शिवाय एखाद्या आजारी सभासदाकडे जाऊन बसा. याने रकान्यातला आकडा वाढत नाही, पण मुलगा रात्री झोपतो.

ता.क. आपल्याकडचा संदर्भ हवा असेल तर, चर्च वेगळं, काळ वेगळा, पण वय फारसं वेगळं नव्हे: १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेला अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल तेव्हा २८ वर्षांचा होता. मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि १८२६मध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यावर पटकीने गेला. त्याच्या काळी अमेरिकेतल्या पत्राला जहाजाने येऊन उत्तर परत पोचायला वर्षाच्या आसपास लागायचं. आठवड्याच्या ई-मेलची रांग त्यापुढे काहीच नाही, असं तुमचं एखादं पात्र म्हणू शकेल. दुसऱ्याने त्यावर चिडावं.

---

खडूस_काका

शमाताई, मान्य. पाण्यात घाईने उतरवण्याचं कबूल केलंत, तेवढं मला बास. नाटक लागलं की कळवा, पुढच्या रांगेत बसेन.

---

सायकलवाला

नेपथ्य आणि वेशभूषेच्या बारीक गोष्टी, सुचतील तशा:

शर्टाची कॉलर आतून पिवळी पडलेली, बाहेरून पांढरी. २०१८मध्ये पांढराच शर्ट. निळ्याची परवानगी २०२०ची. पँट आधी सीटवर आणि मांडीच्या आत झिजते, कारण सायकलचं खोगीर. उजव्या पायाचा घोळ साखळीच्या काळ्या तेलाने माखलेला, त्यासाठी पट्टी किंवा क्लिप. ती हरवली की मोज्यात खोचलेली पँट. सायकलवर हेल्मेट सक्तीचं. बुटांचे दोन जोड असावेत आणि एक दिवसाआड घालावेत, ओला बूट चोवीस तासांत जेमतेम सुकतो. एकाच जोडावर भागवणाऱ्याचा तळ वर्षाच्या आत फाटतो आणि तो त्यात पुठ्ठा घालतो. बॅगेत: त्यांचे ग्रंथ, द्यायच्या पुस्तिका, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान, रेनकोट. नावाच्या पट्ट्या एकाहून जास्त देतात, कारण एक हमखास धुलाईत जाते.

काही भागांत चर्चची मोटार असते. मागे घेताना जोडीदाराने खाली उतरून गाडीच्या मागे उभं राहून इशारे करायचे, रिकाम्या मैदानात असली तरी. वेग वाढला की गाडीतलं यंत्र बोलून दटावतं.

खोलीत: भिंतीवर भागाचा नकाशा, पिना टोचलेला. धुराची सूचना देणारं यंत्र आणि पाण्याचा फिल्टर. आधीच्या जोड्यांनी सोडलेल्या वस्तूंचा एक खोका असतोच: कुणाचा टाय, कुणाची तुटकी छत्री, अर्धी संपलेली मसाल्याची बाटली. हा खोका नक्की ठेवा.

एक गंभीर सूचना. त्यांच्या चर्चच्या मंदिरातल्या विधीनंतर ही मंडळी शर्टाच्या आत एक विशिष्ट अंतर्वस्त्र घालतात. ते त्यांना पवित्र आहे आणि बाहेर दाखवण्याची चीज नाही. कपडे बदलण्याचा प्रसंग असेल तर साधा बनियन दाखवा, त्यावर विनोद करू नका.

---

कोरा_कागद

अफाट माहिती. शेवटचा प्रश्न: मदर्स डेचा फोन हा मध्यंतरानंतरचा मोठा प्रसंग होईल असं वाटतंय. तो प्रत्यक्षात कसा होत असे?

---

शमा_के

वेळ आधीच्या आठवड्यांच्या ई-मेलमध्ये ठरवायची. दोन्हीकडची घड्याळं जुळवताना इथेच पहिला घोळ होतो, कारण काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे सरकतं आणि काहींत नाही. मग आई एक तास आधीच संगणकासमोर बसून राहते. फोन बहुधा एखाद्या स्थानिक सभासदाच्या घरून, त्यांच्याच संगणकावर. जोडीदार त्याच खोलीत, दोन हातांवर. त्याच्या घरचा फोन आधी होऊन गेलेला असतो किंवा नंतर असतो, आणि तो ऐकू येत नसल्यासारखं दाखवत भिंतीकडे बघतो. वेळ साधारण अर्ध्या-पाऊण तासाची.

पलीकडे आईवडील, धाकटी भावंडं, कधी आजी, सगळे एकदम बोलतात. पहिली दहा मिनिटं 'दिसतंय का, ऐकू येतंय का' यात जातात. मुलगा मध्येच मातृभाषेत अडखळतो, शब्द नव्या भाषेतला येतो, घरचे हसतात. खरं सांगायचं ते कोणीच सांगत नाही: आई आजारपण लपवते, मुलगा वजन कमी झाल्याचं. शेवटी वडील प्रार्थना करायला सांगतात आणि ती कोणी करायची यावरून अर्धा मिनिट जातो.

अनुभवी जोडीदार त्या फोननंतर लगेचच कुणाकडे तरी भेट ठरवून ठेवतो आणि खोलीवर परत जाऊ देत नाही. भेटीचं घर तीन किलोमीटरवर असलं तरी सायकली काढायच्या आणि निघायचं.